सायलेन्सरचं टोक काळं पडलंय, पितांबरी लावू का?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका काकूंचा प्रश्न आहे. चार वर्षांची पेट्रोल टर्बो गाडी, मागे सायलेन्सरची दोन चकचकीत टोकं. आता ती आतून पार काळी आणि बाहेरून तांबूस-तपकिरी झालीत. वॉशिंग सेंटरवरच्या पोराने न विचारता उजव्या टोकावर बाटलीतलं कसलंसं ॲसिड ओतून घासलं. काजळी निघाली, पण ते टोक दुधाळ, निस्तेज झालं. घरात पितांबरी आहे, ती चालेल का? की बर्तन बाजारात नेऊन बफ मारून घेऊ? आणि दसऱ्याच्या आत होईल का?

काकू, पितांबरी नको. बफ, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या कापडी चाकाची पॉलिश, मारायचा की नाही, ते टोक कुठल्या धातूचं आहे त्यावर ठरेल. दसऱ्याच्या आत मात्र नक्की होईल. डावं टोक तर एका रविवारच्या सकाळचं काम आहे. उजव्याचं आधी तपासावं लागेल, ते पुढे सांगतो.

माझ्या वर्कशॉपमध्ये जी टोकं ‘खराब झाली’ म्हणून येतात, त्यातली बहुतेक काजळीने खराब झालेली नसतात, साफसफाईने झालेली असतात. काजळी दिसते वाईट, पण धातू खात नाही. धातू खातात ते तारेची घासणी, संडासाचं ॲसिड आणि मनगटाचा जोर.

काजळी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरच पुढची पद्धत ठरते. पेट्रोल पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. अर्धवट जळलं तर कार्बनचे बारीक कण मागे राहतात. हल्लीच्या पुष्कळ टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. हवेत नीट मिसळायला त्याला वेळ कमी मिळतो, म्हणून जुन्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा या गाड्यांची काजळी जास्त. शिवाय इंजिन गार असलं की त्याला पेट्रोल मुद्दाम जास्त दिलं जातं. सुदामानगर ते राजवाडा, तिथून पलासिया, मग घर, अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. गार नळीत वाफेचं पाणी होतं, ओल्या भिंतीला काजळी चिकटते, पुढच्या फेरीत ती भाजली जाते आणि तिच्यावर पुन्हा नवी बसते. बोट फिरवलंत तर वरची भुकटी बोटाला येईल, पण खाली तव्याच्या पाठीसारखा कडक काळा थर तसाच राहील. भुकटी पुसून जाते. हा खालचा थर पुसायचा नसतो, भिजवायचा असतो. आणि भिजायला वेळ लागतो. लोक नेमका तोच देत नाहीत.

बाहेरची तांबूस झाक वेगळी. तिच्यात रस्त्याचं डांबर असतं, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची धूळ असते, आणि पावसाळ्यात सिमरोल-महूकडे चक्कर झाली असेल तर आपली माळव्याची काळी माती. हे सगळं गरम धातूवर भाजून बसतं. तो गंजच असेल असं नाही, पण काही ठिकाणी असू शकतो.

एक गोष्ट साफ करण्याआधीच बघून घ्या, कारण साफ केल्यावर पुरावा जातो. काजळी कोरडी आहे की तेलकट? कोरडी, मऊ, बोटावरून फुंकरीने उडणारी असेल तर तुमच्या प्रकारच्या इंजिनाला ते साधारणच आहे. बोटाला चिकटत असेल, पाण्याने जात नसेल, चोळल्यावर तेलासारखी पसरत असेल, तर इंजिन ऑईल जळतंय. मग व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंग किंवा टर्बोचं सील यांपैकी कोणाची तरी तक्रार असणार. तेव्हा माझ्याकडे न येता आधी मेकॅनिककडे जा आणि डिपस्टिक काढून ऑईल किती उतरलंय ते बघायला लावा. दोन टोकांपैकी एक जास्त काळं असेल तर घाबरू नका. सायलेन्सरच्या आतली वाट दोन्हीकडे सारखी नसते, धूर एका बाजूने जास्त जातो. काही गाड्यांत तर एक टोक नुसतंच शोभेचं असतं आणि ते कधी काळं पडतच नाही.

डिझेलवाल्यांसाठी इथेच दोन वाक्यं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. त्यामुळे त्यांचं टोक आतूनही बऱ्यापैकी स्वच्छ राहायला हवं. अशा गाडीचं टोक अचानक काळंकुट्ट पडू लागलं, तर पॉलिशचा डबा बाजूला ठेवा आणि फिल्टर तपासून घ्या.

आता धातू. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

फ्रिजवरचं चुंबक काढा आणि टोकाला लावून बघा. चिकटलंच नाही, किंवा फक्त दुमडलेल्या कडेला किंचित ओढल्यासारखं झालं, तर ते ३०४ स्टेनलेस स्टील. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. चांगल्या भांड्यांचं स्टील हेच. (कडेला ओढ का? वाकवताना ३०४ थोडं चुंबकी होतं.) चुंबक घट्ट चिकटलं तर दोन शक्यता. टोक आरशासारखं असेल आणि त्यात थंड निळसर झाक असेल, तर साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा आहे. टोक राखाडी, मंद, कारखान्यातूनच फारसं न चमकणारं असेल, तर ते ४०९ स्टेनलेस. त्यात क्रोमियम जेमतेम ११ टक्के. सायलेन्सरचा डबा आणि गाडीखालची नळी बहुतेक याचीच असते. त्यावर वरवरचा तपकिरी गंज नव्या गाडीलाही काही महिन्यांत येतो आणि तो वर्षानुवर्षं तिथेच थांबतो. गाडी लिफ्टवर चढली की लोक तो बघून हबकतात. त्याला हात लावू नका.

आणखी काही प्रकार आहेत. काळी टोकं, म्हणजे ब्लॅक क्रोम, पावडर कोटिंग वगैरे, यांना मेटल पॉलिश अजिबात लावायचं नाही, नुसता शॅम्पू आणि मऊ फडकं. निळी-जांभळी टायटॅनियमची टोकं असतात. तो रंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा, पॉलिशने तो चक्क निघून जातो. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा असलेलं काहीही लावू नका. चिमणी साफ करायची जहाल केमिकलं त्यातच आली. आणि नव्या गाड्यांत बंपरमध्ये बसवलेली मोठी चौकोनी ‘टोकं’ अनेकदा प्लास्टिकची असतात. खरी नळी मागे खाली वाकलेली असते, वाकून बघा. प्लास्टिकवर साबणाच्या पाण्यापलीकडे काही नको.

काकू, तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज ३०४ किंवा क्रोम यांपैकी एकाचा आहे. चुंबक सांगेल.

पितांबरी का नको तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल घरातली वस्तू नाकारून हा महागडी बाटली विकतोय. ती तांब्या-पितळेची पावडर आहे. तांब्यावरचा काळा थर आंबटपणाने सुटतो आणि बारीक भुकटीने घासला जातो. काजळी आंबटाला दाद देत नाही, म्हणजे तिथे काम उरतं ते फक्त भुकटीचं. आणि भुकटी आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक चरे पाडते. क्रोमचा वरचा थर मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा असतो, खालची चकाकी खरं तर निकेलची असते. त्यावर भुकटी घासणं म्हणजे उरलासुरला मुलामा उतरवणं. राख, टूथपेस्ट, हिरवी घासणी यांनाही हेच लागू. तारेच्या घासणीचा दोष आणखी वेगळा: तिचे लोखंडी कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि पुढच्या पावसात तेच कण गंजतात. मग लोक म्हणतात, स्टेनलेसला गंज आला. गंज स्टेनलेसचा नसतो, घासणीचा असतो.

स्वयंपाकघरातली खरोखर उपयोगी वस्तू हवी असेल तर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. ते कुठे वापरायचं ते येतंच आहे.

आता डाव्या टोकाचं काम. गाडी धुण्याआधी हे करा, नंतर नाही. नाहीतर काळं पाणी धुतलेल्या बंपरवर ओघळतं. सकाळी, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना. गरम धातूवर केमिकल सुकलं की त्याचाच डाग पडतो आणि तो काजळीपेक्षा चिवट असतो. सावलीत उभी करा. हातमोजे घाला, आणि कोरडी काजळी झटकताना तोंडाला मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं आहे. पेट्रोलची काजळीही कोणी छातीत भरून घ्यावी अशी नाही.

टोकाभोवतीच्या बंपरला मास्किंग टेप लावा. विशेषतः न रंगवलेल्या काळ्या खरबरीत प्लास्टिकला, कारण पॉलिश त्या दाण्यांत शिरून पांढरं होऊन बसलं की नंतर टूथब्रश घेऊन दुपार घालवावी लागते. नळीच्या आत चार बोटं सोडून जुन्या बनियनचा बोळा कोंबा, म्हणजे पाणी आणि केमिकल आत जाणार नाही. त्या बोळ्याला एक लाल चिंधी बांधून ती बाहेर लोंबू द्या, आणि गाडीची चावी खिशात ठेवा. बोळा आत राहिला आणि घरातल्या कोणी गाडी सुरू केली, असं होतं.

आधी साध्या पाण्याने वरची भुकटी आणि माती उतरवा. मग एपीसी, म्हणजे गाड्यांच्या दुकानात मिळणारं ऑल पर्पज क्लीनर, एक भाग आणि पाणी चार भाग असं स्प्रेच्या बाटलीत करा. टोकाच्या आत-बाहेर भरपूर मारा आणि थांबा. पाच मिनिटं. सुकायला लागलं तर पुन्हा मारा, पण घासू नका. वर्कशॉपमधल्या मुलांना हे शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हात शिवशिवत असतात. पाच मिनिटांनी रंगकामाचा जुना ब्रश, केस अर्धे कापून आखूड केलेला, घेऊन गोल फिरवा. फेस लगेच करडा होतो, मग काळा. तो पाण्याने धुवून न टाकता आधी फडक्याने पुसून काढा, म्हणजे सुटलेली काजळी पसरत नाही. मग पुन्हा स्प्रे, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा ब्रश. पहिल्या फेरीला निराशा होते, काहीच निघालं नाही असं वाटतं. दुसऱ्या फेरीला वेल्डिंगच्या सांध्याच्या बाहेरचा भाग उघडा पडतो. तिसऱ्या फेरीला आतल्या भिंतीवर धातू दिसायला लागतो.

टोकाची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते ना, त्या दुमडीच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक खाच असते. सगळी जुनी काजळी तिथे दडते. बाहेरून टोक चकचकीत करून दिलं तरी दोन दिवसांत कडेवरून काळे ओघळ येतात ते तिथूनच. आइस्क्रीमच्या काडीला फडकं गुंडाळून ती खाच फिरवून पुसा. कड धारदार असते, उघडं बोट घालू नका. आत कुठवर साफ करायचं? उभं राहून दिसतं तेवढंच. त्यापुढे हात घालून घासणारे हौशी लोक असतात, पण पुढच्या पन्नास किलोमीटरांत ते पुन्हा काळं होणार आहे.

एवढं झाल्यावर काळं गेलेलं असेल आणि तांबूस झाक राहिली असेल. डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन एक मिनिट दाबून धरा, आपोआप वितळतात. मग लिंबूफूल: एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम. त्यात फडकं बुडवून टोकावर गुंडाळा, वीसेक मिनिटं ओलं ठेवा. पाण्याचे पांढरे डाग आणि लोखंडाच्या धुळीचे तांबडे ठिपके, दोन्ही यात सुटतात. स्टेनलेसला याचा आणखी एक फायदा. स्टेनलेस गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे. सायट्रिक ॲसिड पृष्ठभागावरचं मोकळं लोखंड काढून टाकतं आणि तो थर पुन्हा नीट बसतो. स्टीलच्या कारखान्यांतही ही प्रक्रिया करतात. नंतर भरपूर पाण्याने धुवा, आणि शक्यतो नर्मदेच्या नळाच्या पाण्याने. बोअरचं पाणी असेल तर सुकू न देता लगेच पुसा, नाहीतर आत्ता घालवलेले पांढरे डाग परत येतील.

मग पॉलिश. ऑटोसोलसारखं मेटल पॉलिश हरभऱ्याएवढं सुती फडक्यावर घ्या, तळहाताएवढा भाग निवडा, मध्यम दाबाने गोल चोळा. फडकं काळं होईल. तो धातूचा ऑक्साइड आहे, व्हायलाच हवं. फडकं काळं झालंच नाही, पॉलिशच्याच रंगाचं राहिलं, तर टोकावर कसला तरी पारदर्शक कोट असण्याची शक्यता आहे. थांबा आणि नुसतं पुसून सोडून द्या. पॉलिश पातळ, जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत चोळा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. एखाद-दुसऱ्या हाताने बहुतेक टोकं वर येतात. ब्रश फिनिश, म्हणजे एका दिशेने बारीक रेघा असलेलं टोक असेल, तर गोल फिरवू नका, रेघांच्याच दिशेने हात चालवा. ब्रासो घरात असेल तर स्टेनलेसवर चालतं, पण हळू काम करतं. नंतर साबणाने धुवून टाका.

क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगाळून, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ते क्रोमला न ओरबाडता गंज उचलतं. यात कोला ओतायचा सल्ला लोक देतात. तिच्यातल्या फॉस्फोरिक ॲसिडने थोडी मदत होते, पण पाणीही पुरतं, आणि चिकटपणा धुवायचा त्रास वाचतो. मात्र क्रोमखाली फोड आले असतील, नख लावल्यावर खपली निघत असेल, तर त्या टोकाचं आयुष्य संपलं. गंज खालच्या लोखंडातून वर येतोय, वरून चोळून उपयोग नाही. नवं बसवा.

आता उजवं टोक, ज्याच्यावर ॲसिड पडलंय. संडास साफ करायच्या लिक्विडात किंवा फरशीच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते क्रोमला सरळ विरघळवतं. मुलामा देणारे लोक जुना क्रोम उतरवायला हेच वापरतात. स्टेनलेसलाही ते चावतं आणि बारीक खळगे पाडतं. म्हणून घाईने पॉलिश चोळत बसू नका. दिवसाउजेडी टोक धुवून पुसा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका पाडून बघा.

पांढरेपणा नखाने किंवा लिंबूफुलाच्या फडक्याने निघत असेल तर नशीब चांगलं, तो वर सुकलेला क्षारांचा थर आहे. जात नसेल तर रंग बघा. राखाडी-पांढरा, सगळीकडे एकसारखा मंद, आणि चुंबक चिकटत नाही, तर ३०४ चा वरचा पृष्ठभाग खाल्ला गेलाय. हे दुरुस्त होतं. पण रंगात पिवळट, कोमट झाक आली असेल आणि चुंबक चिकटत असेल, तर क्रोम गेलाय आणि खालचं निकेल दिसतंय. ते कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर तो निकेल चकचकीत करून देईल, दोन महिन्यांत ते काळवंडेल, आणि मग मुलामा फुटून गंज.

माझ्याकडे मागे अशीच एक जोडी आली होती, तिच्यावर टॉर्च तिरका धरला तर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे शेकडो खळगे दिसत होते, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक काळा ठिपका. असे खळगे नखाला लागत असतील तर सगळे घालवायचा हट्ट नको, कारण तेवढा धातू काढावा लागेल. नखाला लागत नसतील तर वॉटर पेपरने, म्हणजे ओला करून वापरायच्या बारीक पॉलिश पेपरने, जमतं. १००० नंबरपासून सुरू करा, पाण्यात साबणाचा थेंब टाका, पेपर सतत ओला ठेवा आणि एकाच दिशेने चालवा. मग १५०० नंबर आडव्या दिशेने, पहिल्या रेघा पूर्ण दिसेनाशा होईपर्यंत. मग २०००, पुन्हा दिशा बदलून. दिशा बदलण्याचं कारण असं, की आधीच्या नंबरची एखादी रेघ उरली असेल तर ती लगेच उठून दिसते. घाईत एक नंबर गाळला तर शेवटी आरशात त्या रेघा दिसतात आणि परत मागे यावं लागतं. शेवटी मेटल पॉलिश. हे सगळं फक्त ३०४ वर. क्रोमवर कुठल्याच नंबरचा पेपर नाही, २००० सुद्धा नाही.

बर्तन बाजारातल्या बफवाल्यांचा हात चांगला आहे, यात वाद नाही. स्टीलची ताटं ते आरशासारखी करतात. पण तीन गोष्टींची जमवाजमव हवी: टोक ३०४ चं असावं, गाडीवरून सुटणारं असावं (स्क्रूने आवळलेलं असतं तसं, वेल्ड केलेलं नाही), आणि बफवर स्टीलचाच हिरवा साबण (बफला लावायची पॉलिशची वडी) लागावा, पितळेच्या कामाचा तपकिरी साबण लावलेला बफ नको. क्रोमचं टोक तिथे नेऊ नका. बफच्या वेगाने मुलामा काही सेकंदांत कडेवरून उडतो. टोक गाडीवरच असेल तर ड्रिलला नमद्याचा शंकू लावून कमी वेगाने करता येतं. ड्रिल दोन्ही हातांनी धरा, चष्मा लावा, आणि शंकू कडेला अडकून हिसका देतो त्याची तयारी ठेवा. फिरत्या बफजवळ कापडी हातमोजे, ओढणी, साडीचा पदर काही नको. वॉटर पेपर आणि साहित्य सियागंजात एका गल्लीत मिळून जातं.

उजवं टोक क्रोमचं निघालं आणि मुलामा गेला असेल, तर पुन्हा क्रोम करून घेण्यापेक्षा दोन्ही टोकं बदलणं स्वस्त पडतं. वॉशिंग सेंटरवाल्याशी बोलायला हरकत नाही, पण पुढच्या वेळी त्याला आधीच सांगा, सायलेन्सरला पाणी आणि शॅम्पूपलीकडे काही नको. आणि कुठल्याही बाटलीतून पिवळसर धूर किंवा डोळे चुरचुरणारा वास आला तर गाडी तिथून हलवा.

चमक टिकवण्याबद्दल. मेण लावून काही होत नाही. कार्नोबा मेण साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि टोक हायवेवर त्याहून तापतं. चाकांसाठीचं सिरॅमिक कोटिंग किंवा उष्णता सहन करणारं सीलंट लावलं तर पुढच्या वेळी काजळी शॅम्पूने निघते, ब्रशची गरज पडत नाही. लावण्याआधी पॉलिशचं तेल पूर्ण पुसून काढा, नाहीतर ते धरत नाही. डब्ल्यूडी-४० मारून चमकवायची युक्ती करू नका. दिवसभर छान दिसतं, मग धूळ चिकटते आणि गरम झाल्यावर वास मारतं. यापेक्षा आठवड्यातून एकदा गार टोकावरून ओलं फडकं फिरवा. थर भाजून बसायच्या आत निघाला तर ब्रश-पॉलिशची वेळ वर्षातून एकदा-दोनदाच येते. ते फडकं वेगळं ठेवा, त्यावर खूण करा; काजळीचं फडकं बोनेटवर फिरलं तर रंगावर चरे पडतात. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते त्या भागात गाडी उभी राहिली असेल, तर रंग आधी कोरडाच झटका, मग पाणी. ओला रंग दुमडीच्या खाचेत गेला की आठवडाभर गुलाबी ओघळ येतात.

सीएनजीवाले विचारतील म्हणून: तुमचं टोक काळं पडणार नाही, पण सकाळी पाणी जास्त टपकेल. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्यात हायड्रोजनचं प्रमाण जास्त, म्हणून वाफ जास्त. त्या पाण्याने नळी आतून गंज धरते. छोट्या फेऱ्याच असतील तर आठवड्यातून एकदा देवास किंवा उज्जैनपर्यंत गाडी मोकळी पळवा, नळी आतून सुकते. काकू, हे तुमच्या टर्बोलाही चालेल. लांब फेरीत इंजिन तापतं आणि काजळी कमी साचते.

काळी फडकी, रिकाम्या केमिकलच्या बाटल्या ओल्या कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्या. लिंबूफुलाचं पाणी भरपूर पाणी ओतून गटारात सोडलं तरी चालतं, झाडांच्या आळ्यात नको.

दसऱ्याचं वेळापत्रक असं करा. या रविवारी डावं टोक, आणि त्याच दिवशी उजव्याची चुंबक-टॉर्च तपासणी. उजवं ३०४ असेल तर पुढच्या रविवारी वॉटर पेपर. क्रोम असेल तर आठवड्याभरात नवी टोकं मागवून बसवून घ्या, ऐन दसऱ्याच्या तोंडावर सगळ्या ॲक्सेसरीवाल्यांकडे रांग असते. पूजेच्या दिवशी हळद-कुंकू टोकावर लावायचं असेल तर लावा, पण गाडी सुरू करण्याआधी पुसा. गरम धातूवर हळद भाजली की पुन्हा एपीसीची बाटली काढावी लागेल. आणि चुंबक चिकटलं की नाही, पांढरेपणा राखाडी आहे की पिवळट, एवढं कळवा. जमलं तर दिवसाउजेडी काढलेला उजव्या टोकाचा एक जवळचा फोटोही जोडा, म्हणजे १००० नंबरपासून सुरू करायचं की त्याच्याही आधी ८०० लागेल, ते नक्की सांगता येईल.